कोळशाची दरड

गाव सोडून गेलेल्या माणसाला गावातलं गोड तेवढंच आठवतं. हे मी आमच्या ग्रुपवर एकदा लिहिलं, तर सगळे माझ्यावर तुटून पडले. पडा म्हटलं. खोटं काय आहे त्यात?

ग्रुपचं नाव ‘आमचं जेझ-बुलाक’. तो मी आणि वाल्देमारने मिळून काढला. वाल्देमार शाळेत माझ्या बाकावर बसायचा. खाण बंद पडल्यावर गावातले सगळे जर्मन, युद्धाच्या वेळी इकडे आणून वसवलेले, जर्मनीला गेले, तसा तोही गेला. कुणी रशियात गेलं, कुणी राजधानीला, बिश्केकला. मागे उरलो आम्ही मूठभर माणसं, रिकाम्या इमारती आणि शेळ्या. आता गंमत बघा, गावात राहतात त्याच्या कितीतरी पट माणसं ग्रुपवर राहतात. रोज सकाळी कुणीतरी जुना फोटो टाकतं, मे महिन्याची मिरवणूक नाहीतर खाणीचा तरणतलाव, आणि खाली सगळे मिळून गळे काढतात. वाल्देमारने तर गावाचा नकाशाच करायला घेतला होता. ज्याची जी आठवण, तिची नकाशावर एक टाचणी. इथे आइस्क्रीमची गाडी उभी राहायची, इथे पेत्का सायकलवरून पडला. मी त्याला म्हणायचे, “अरे, पाण्याची टाकी गळतेय, तिथेही एक टाचणी मार की.” तर म्हणायचा, “कालिपा, तू लग्नाच्या पंगतीत बसलीस तरी खडेच वेचशील.”

कालिपा म्हणजे मी. खाणीच्या टेलिफोन एक्सचेंजवर होते, शेवटची तार काढून नेईपर्यंत. गावातला प्रत्येक आवाज माझ्या कानांतून गेलाय. आमची खाण युरेनियमची, पण तो शब्द तोंडातून काढायची बंदी होती. ‘शिसं’ म्हणायचं. कागदावर शिसं, फोनवर शिसं, शाळेच्या निबंधात शिसं. आम्ही पोरं मोठी झालो ती शिशाच्या खाणीच्या गावात. दुसऱ्याच नावाने बोलायची सवय आम्हाला तेव्हापासूनची.

आता मुद्द्याचं सांगते. माझा एकुलता एक मुलगा जानिश. त्याची बायको बेरमेत, नारिनकडच्या एका खेड्यातली. आम्ही तिघं खाणीच्या जुन्या इमारतीत, दोन खोल्यांत राहायचो. हिवाळ्यात भिंतीला आतून बर्फ धरायचं. बेरमेतचं पहिलं पोटातच गेलं. डॉक्टरीण म्हणाली, थंडीने असेल, कामाने असेल, या गावात होतं असं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा जानिश म्हणाला, “आई, आता पोर या खुराड्यात नाही आणायचं. जमीन घेतो, घर बांधतो.” गावाबाहेर जागा वाटत होते, हवी तिथली घ्या. मी म्हटलं, घे बाबा, पण मी सांगेन तिथे घे. कारण खाणीने इतकी वर्षं जो गाळ ओकला तो कुठेतरी पुरलेला होता. कुंपणं होती, पिवळ्या पाट्या होत्या, सगळं लोखंड वाईट दिवसांत लोकांनी उपटून भंगारात विकलं. कागद मॉस्कोला गेले. कचेरीत विचारलं तर साहेब म्हणाला, “आजी, आमच्याकडे नोंद नाही.” नोंद नाही म्हणजे गाळ नाही का रे शहाण्या?

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं: “बायांनो आणि बाप्यांनो, आइस्क्रीम पुरे झालं. खाणीचा गाळ कुठे पुरला, कुणाला आठवतं? माझ्या मुलाला घर बांधायचंय. नातवंड यायचंय. सांगा.”

दिवसभर उत्तरं येत राहिली. आणि काय उत्तरं ती! एकीला आठवलं, तिथे डेझीची फुलं फार सुंदर यायची. कुठे, ते नाही आठवत. एकाला कुंपणाच्या तारेत अडकून फाटलेली पँट आठवली, आईने मारलेलं आठवलं. कुंपण कुठलं ते नाही. आणि आमचा वाल्देमार म्हणाला, “आम्ही त्या वाळूच्या टेकाडावरून पत्र्यावर बसून घसरायचो, काय मजा यायची!” मी विचारलं, “टेकाड कुठे होतं मेल्या?” म्हणाला, “ते आता नाही सांगता येणार. पण पत्रा निळा होता.”

कपाळ माझं.

मग उमसुनाय आपाची आठवण निघाली. गाळ पुरायच्या कामावर बायकांची एक तुकडी होती, त्यातली ती शेवटची जिवंत. नव्वदीच्या घरातली, बिश्केकला मुलीकडे राहते. मुलगी रोझा पियानो शिकवते, अगदी शहरी. वाल्देमारने रोझाला गळ घातली आणि रोझाने आईला मोबाइलसमोर बसवून बोलतं केलं. म्हातारी दोन तास बोलली. वाल्देमारने त्याचे छोटे छोटे तुकडे करून ग्रुपवर टाकले, कारण दोन तास कोण ऐकतंय? आवाज ऐकला आणि लगेच ओळखला. तीच ती, फोनवर “पोरी, बॉयलरघर दे गं” म्हणणारी.

तिच्या बोलण्यावर ग्रुप फिदा झाला. ती म्हणायची ‘कोळशी बोरं’. झुडपावरची ती काळी आंबटगोड बोरं असतात ना, ज्यांचा मुरंबा करतो, ती. “कोळशी बोरांचा मुरंबा केला, थंडीभर पुरला.” तसाच एक ‘कोळशी कुत्रा’ होता आणि एक ‘कोळशी घोडी’. लोकांना त्याचं इतकं कौतुक, की ज्याच्या त्याच्या तोंडी कोळशी बोरं. वाल्देमारने खाली लिहिलं, “बहुधा आपाच्या माहेरची बोली असावी, जतन करायला हवी.” हृदयांचा नुसता पाऊस पडला.

आणि मला हवा तो तुकडाही मिळाला. रोझा विचारते, “आई, पुरलं कुठे?” आपा म्हणते, “कुठे म्हणजे? कोळशाच्या दरडीत.” रोझा पुन्हा विचारते, “कोमुर-जार ना? नक्की?” आपा म्हणते, “हो गं, तेच. किती वेळा विचारशील?”

कोमुर-जार म्हणजे कोळशाची दरड. नदीच्या पलीकडे, जिथे गोदामात बॉयलरसाठी कोळसा उतरायचा ती जागा. आमच्या गावात पोरासोरालाही ठाऊक आहे. वाल्देमारने तिथे लाल टाचणी मारली आणि लिहिलं: “इथे जाऊ नका.” मी सुटकेचा निःश्वास टाकला. नदीच्या पलीकडे! म्हणजे अलीकडे सगळं मोकळं. जानिशने अलीकडची जागा धरली, गावाच्या डोक्यावर, उन्हाच्या बाजूला. तिचं नाव कारा-जार, काळी दरड. तिथला खडक काळा आहे म्हणून.

उन्हाळ्यात आशार घातला. घर बांधायचं तर आमच्याकडे मजूर नाही बोलवत, गाव बोलवतात. गाव येतं, राबतं, जेवून जातं, पुढच्या वेळी त्यांच्या घरी आपण राबायचं. ग्रुपवर आमंत्रण टाकलं, तर बिश्केकहूनही दोन गाड्या भरून जुनी मंडळी आली. पुरुषांनी मोठा खड्डा खणला, बायकांनी पाणी ओतलं, पेंढा टाकला आणि सगळे अनवाणी उतरले चिखल तुडवायला. विटा पाडायच्या होत्या. अकॉर्डियन होतं, गाणी होती, पोरं गुडघाभर चिखलात. मी एकीकडे पुलाव बघत होते, दुसरीकडे बेरमेतवर ओरडत होते.

“अगं, तू पोटुशी बाई, तू कशाला उतरलीस? बाहेर ये!”

“आई, घर माझं आणि पाय लोकांचे, असं कसं? लोक हसतील मला.”

“हसू देत. नाकापेक्षा मोती जड झालाय मला.” बेरमेत म्हणजे मोतीच, म्हणून मी तिला असं चिडवायचे. ती खळखळून हसली आणि आणखी जोरात तुडवायला लागली.

माती फार उत्तम निघाली. पिवळी, चिकट, लोण्यासारखी. मी खड्ड्यापाशी गेले आणि म्हटलं, “काळ्या दरडीत पिवळी माती कुठून आली रे?” जानिश म्हणाला, “आई, मिळाली तर घे ना, चौकशा कसल्या करतेस!” आणखी खोल गेल्यावर खाली वाळू लागली. राखाडी, बारीक, चाळून ठेवल्यासारखी. मातीत वाळू लागतेच, नाहीतर विटेला तडे जातात. ती आणायला नदीवर जायचं वाचलं. सगळे म्हणाले, जानिशच्या पायगुणाने सगळं एका जागी मिळालं. एकच गोष्ट मला खटकली. शेजारची म्हातारी तिच्या शेळ्या घेऊन आली होती, ती आमच्या जागेला लांबून वळसा घालून गेली. हाक मारून विचारलं, “अशी फिरून का जातेस?” म्हणाली, “कोण जाणे बाई. सासूही अशीच न्यायची.”

मी ते मनावर घेतलं नाही. टाचणी नदीपलीकडे होती ना!

संध्याकाळी सगळ्यांचा एक फोटो काढला. मधोमध बेरमेत, स्कर्ट खोचलेला, पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले, एक हात पोटावर. वाल्देमारने ग्रुपवर टाकला: “जेझ-बुलाक जिवंत आहे!” तेवढी हृदयं आजवर कुठल्याच फोटोला मिळाली नव्हती.

उरलेल्या मातीतून बेरमेतने अंगणात तंदूर घातला. तिच्या माहेरी बायकाच घालतात. घरावर छप्पर नव्हतं तेव्हापासून आमचं नान त्यातच भाजलं जायचं आणि खरं सांगते, तसं खरपूस नान मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. जानिशने खाणीच्या भंगारातलं एक जुनं लोखंडी फाटक आणून अंगणाच्या तोंडाशी लावलं.

त्या फाटकावरून आमच्या घरात रोज तमाशा. कारण माझ्या नवऱ्याचं नाव तेमिर. तेमिर म्हणजे लोखंड. तो जाऊन दहा वर्षं झाली, बेरमेतने त्याला पाहिलेलंही नाही, पण सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, त्या नावाचा शब्दही घ्यायचा नाही, असं तिला माहेरी शिकवलेलं. म्हणून लोखंडाला ती म्हणायची ‘कडक’. कडक बादली, कडक खाट. आगगाडीला आम्ही ‘तेमिर जोल’ म्हणतो, लोखंडी रस्ता. ती म्हणायची ‘कडक रस्ता’.

“कडक फाटक लावून घ्या, वारा येतोय,” ती म्हणायची.

“तेमिर म्हण गं! तेमिर! बघ, मी बायको असून घेते. तो काही थडग्यातून उठून येत नाही.”

“नको आई. जीभ वळत नाही.”

आम्ही खाणीच्या गावातली माणसं, रशियन शाळेत शिकलेलो, आम्हाला हे सगळं खेडवळ वाटायचं. मी तिला ती जुनी गोष्ट ऐकवायचे. सुनेने लांडगा बघितला, नदीपलीकडे, वेळूच्या बेटात, मेंढी खात होता. पण नदी, वेळू, लांडगा, मेंढी, ही सगळी घरातल्या थोरल्यांची नावं! मग ती ओरडते, “अहो, वाहणाऱ्याच्या पलीकडे, सळसळणाऱ्याच्या आत, ओरडणारा बँ-बँ करणाऱ्याला खातोय!” तिला समजून घेईपर्यंत मेंढी गेली पोटात. बेरमेत हसायची, पण लोखंडाला कडकच म्हणायची.

पानगळ सुरू झाली. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, आत गिलावा चालू होता. बेरमेतला सातवा लागला होता, तरी ऐकेल तर शपथ. हाताने गिलावा करायची, कोपरापर्यंत चिखल. एकटीला कंटाळा येतो म्हणून मी फोन खिडकीत ठेवून आपाचे तुकडे लावून दिले. ती आमच्या गावची नाही, ग्रुपवर नाही, तिने ते ऐकलेच नव्हते. मी खाली बसून शेंगा सोलत होते. बोरं झाली, कुत्रा झाला, घोडी झाली. आणि बेरमेत खुदकन हसली.

“काय झालं गं?”

“आई, ही आजी पण माझ्यासारखीच की! सासऱ्याचं नाव टाळतेय.”

“काय?”

“अहो, ऐका ना. काळी बोरं म्हणत नाही, काळा कुत्रा म्हणत नाही, काळी घोडी म्हणत नाही. ‘कारा’ शब्दच तोंडात येऊ देत नाही. त्याच्या जागी कोळसा घालते. हिच्या सासऱ्याच्या नावात कारा असणार, पैज लावा. आमच्या गावात एक आजी होती, तिचा सासरा...”

ती पुढे काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. उमसुनाय आपाचा सासरा कोण, हे मला पैज लावून ठरवायची गरज नव्हती. गोदामाच्या फाटकावरचा पहारेकरी. दररोज सकाळी माझ्या बोर्डावर त्याचा दिवा लागायचा आणि घोगरा आवाज यायचा, “कारागुल बोलतोय, सगळं ठीक.” त्याचा पदकं लावलेला फोटोही ग्रुपवर होता, खाली नाव लिहिलेलं. सासऱ्याचा फोटो ग्रुपवर, सुनेचा आवाज ग्रुपवर, आणि गावाच्या दहापट माणसांतल्या एकालाही दोन्ही जोडता आलं नाही.

मी उठले तर शेंगा सांडल्या. “बेरमेत, हात धू.”

“थोडाच राहिलाय, हा कोपरा करते आणि...”

“हात धू म्हणते ना! आत्ता!”

ती घाबरली. मी तिला कधी तसं ओरडले नव्हते. ती बादलीकडे गेली, आणि तोवर फोनवर पुढचा तुकडा आपोआप सुरू झाला. तो मी ऐकलाच नव्हता, कुणीच ऐकला नव्हता, त्याला एकही हृदय नव्हतं. आपा सांगत होती: “ट्रक ओतून जायचे. राखाडी, पिठासारखी बारीक वाळू. वरून आम्ही माती पसरायचो, चांगली पिवळी, ती लांबून आणायचे. मग गवताचं बी पेरायचो. दुपारी तिथेच नान खायचो. तुकडीतल्या बायकांना पोरं काही झाली नाहीत गं. मला ही रोझा एकटी, तीही काम सोडल्यावर.”

मी बाहेर अंगणात जाऊन रोझाला व्हिडिओ लावला. दोनदा भलत्यालाच लागला. म्हटलं, आईला समोर आण. आपा आली. पांढरा रुमाल, बारीक झालेला चेहरा.

“आपा, मी कालिपा, टेलिफोनवाली.”

“ओळखलं गं पोरी. आवाज तोच आहे तुझा.”

“आपा, तुम्ही गाळ पुरलात ती दरड नदीच्या पलीकडे का अलीकडे?”

“पलीकडे कुठलं? पलीकडे तर गोदामाची दरड. अलीकडे, गावाच्या डोक्यावर. कोळशाची दरड.”

“आपा, तिचं खरं नाव घ्या.”

 रोझा मागून म्हणाली, “आई, घे ना नाव, काय झालं?” आपाने मान हलवली, नाही. नव्वदीला टेकलेली बाई, सासरा जाऊन जमाना झाला, पण ओठ मिटले ते मिटलेच.

“बरं, मी घेते,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त हो-नाही सांगा. कारा-जार?”

तिने रुमालाचं टोक तोंडावर धरलं आणि सासरा समोर उभा असावा तशी मान खाली घातली. हो.

मी फोन खाली ठेवला तेव्हा बेरमेत माझ्या मागे उभी होती. हात धुतलेले, पण नखांत माती. तिने सगळं ऐकलं होतं. “आई,” ती म्हणाली, “आपली दरड?”  तिने दोन्ही हात पोटावरून उचलले आणि कुठे ठेवावेत ते न कळून तसेच हवेत धरले.

जानिशने ऐकून घेतलं नाही. “म्हातारीने मान हलवली म्हणून मी घर पाडू? उन्हाळाभर राबलोय मी!” तो भिंतीवर मूठ मारत होता, डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, पाडू नकोस, किरणं मोजून घे. जिल्ह्याला अर्ज दिला.

तोवर मी ग्रुपवर सगळं लिहिलं आणि वाल्देमारला म्हटलं, टाचणी हलव. त्याने ती लगेच हलवली. मग त्याने फोन लावला. म्हणाला, “कालिपा, ते घसरायचं टेकाड. तिथेच होतं ना ते?” मी म्हटलं, “तुलाच आठवेल.” तो म्हणाला, “माझा धाकटा भाऊ पण यायचा. तो बाराव्या वर्षी गेला, रक्ताच्या आजाराने. आई म्हणायची नजर लागली.” मला त्याची थट्टा करावीशी वाटली नाही.

पण बाकीचे! काळ्या दरडीत ज्यांनी ज्यांनी जागा धरली होती ते सगळे माझ्या अंगावर आले. कालिपाला वेड लागलंय. एका म्हातारीच्या बडबडीवरून गावाचं वाटोळं करतेय. आणि जे लांब बसलेत त्यांचं वेगळंच: आमचं बालपण कशाला विटाळता, ग्रुप आनंदासाठी आहे. एकीने लिहिलं, “असल्या पोस्ट काढून टाका, इथे आम्ही चांगल्या आठवणींसाठी येतो.” तिला शंभर हृदयं. आशारचा फोटोही तसाच वर होता आणि त्याखाली अजून लोक लिहीत होते: बरकत येवो, पोरंबाळं नांदोत.

जिल्ह्याचा माणूस आला त्या दिवशी बेरमेतने पहाटे उठून नान भाजलं. पाहुणा येणार, मग तो मीटर घेऊन येवो की बंदूक घेऊन. चांगला तरुण होता, आमच्यातलाच, बूट पुसून आत आला, मला “आई” म्हणाला. त्याने खांद्यावरचं यंत्र उघडलं. अंगणात ते थांबून थांबून वाजत होतं, रातकिड्यासारखं. भिंतीजवळ नेलं आणि ते कढईत फुटाणे उडावेत तसं तडतडायला लागलं. जानिश दारातच खाली बसला. माणूस एका खोलीतून दुसरीत गेला. कोपऱ्यातल्या ताज्या गिलाव्यापाशी, जिथे बेरमेतच्या बोटांचे ठसे होते, तिथे जरा जास्त वेळ थांबला.

“किती आहे?” मी विचारलं.

“वर कळवतो, आई.”

“अरे, मला सांग ना. वर कोण राहणारेय इथे?”

 बाहेर जाता जाता त्याने यंत्र सहज तंदूरकडे वळवलं. खरं सांगते, आम्ही भिंतींना भीत होतो, जमिनीला भीत होतो, तंदूरचा विचार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. तंदूर म्हणजे काय, चूल! यंत्र इतकं ओरडलं, की त्याने पटकन बटण दाबून बंद केलं.

“चहा तरी घ्या,” बेरमेत म्हणाली.

“कामावर आहे ताई.”

“मग नान तरी तोंडाला लावा.” तिने गरम नान दोन्ही हातांवर धरून पुढे केलं.

आमच्यात वैरीसुद्धा नानाचा तुकडा तोंडाला लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही. भांडून निघालेला माणूसही परत फिरून चिमूटभर खातो आणि मग जातो. त्याचा हात पुढे आला, सवयीनेच. बोटं नानाला लागली. मग त्याने तंदूरकडे बघितलं, बेरमेतच्या पोटाकडे बघितलं आणि हात मागे घेतला. “माफ करा, आई,” तो मला म्हणाला, तिला नाही, आणि खाली मान घालून गाडीत जाऊन बसला.

बेरमेत तशीच उभी. नानातून वाफ येत होती.

“उन्हाळाभर आपण हेच खाल्लं,” ती म्हणाली.

मला रडू फुटलं. मी त्या गाळाला, खाणीला, शिशाला, मॉस्कोला, ग्रुपला, सगळ्यांना शिव्या दिल्या. जानिश दारात बसून होता, त्याने डोकं वर केलं नाही. बेरमेत रडली नाही. तिला वेगळीच चिंता पडली होती. नान आमच्यात कधी टाकत नाहीत. भुईवर पडलेला कण उचलून कपाळाला लावायचा, उंच जागी ठेवायचा. हे खायचंही नाही आणि टाकायचंही नाही.

“आई, याचं काय करू?”

“पूर,” मी म्हटलं.

“कुठे?”

“कुठेही पूर. पण कुठे पुरलंस ते नीट नाव घेऊन सांग. माझ्यामागे कुणाला तरी ठाऊक पाहिजे.”

ती फावडं घेऊन गेली. खणलं, रुमालात गुंडाळलेलं नान आत ठेवलं, वर माती ओढली. मग कमरेला हात देऊन सरळ उभी राहिली आणि मला हाक मारली.

“आई, तेमिर फाटकापाशी पुरलं.” आणि मी ऐकलं नाही असं वाटून तिने पुन्हा, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “तेमिर!”